उघडी चोच

रविवारी सकाळी आक्का कात्र्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात शिरली, तेव्हा भाऊच्या खुर्चीमागची भिंत रिकामी होती. खिळा होता, चौकट नव्हती. त्या जागी एक पोपटी चौकोन उघडा पडला होता. अण्णांच्या हयातीत सगळं ऑफिसच पोपटी होतं. पुढे तीनदा रंग बदलला, पण चौकटीतला बगळा खाली उतरवायचा नाही असा अण्णांचा हुकूम असल्यामुळे दर वेळी रंगाऱ्याने चौकटीच्या कडेकडेने ब्रश फिरवला होता. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तो हुकूम मोडायची कोणाची छाती झाली नव्हती.

आता कोणी मोडला असेल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. चौदा महिन्यांपूर्वी भाऊची सून घरात आली आणि घरातल्या न हलणाऱ्या वस्तू एकेक करून हलायला लागल्या. लोगो काढणं हा तिचा धंदा. दुकानं, दवाखाने, शाळा तिच्याकडून आपापली चिन्हं काढून घेत, आणि त्याचे पैसेही देत. आक्काला पहिल्या दिवसापासून यातलं दुसरं जास्त खुपलं होतं.

चौकटीतला बगळा मात्र कोणी पैशासाठी काढलेला नव्हता. कात्र्या गंजू नयेत म्हणून ज्या पातळ तेलकट कागदात गुंडाळतात, त्या कागदावर पेन्सिलीने काढलेला बगळा. एका पायावर उभा, दुसरा उचललेला, चोच उघडी. उघडी चोच म्हणजे उघडी कात्री. भाऊने तो सातव्या वर्षी काढला, अण्णांनी त्याला तिथल्या तिथे खांद्यावर घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या कात्र्या ‘बगळा छाप’ झाल्या. ही गोष्ट घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी मिळायची. आक्का तेव्हा दहा वर्षांची होती. गोष्टीत ती नव्हती.

पण गेली तीस वर्षं प्रत्येक पात्यावर तो बगळा आक्काच उमटवत होती. पातं भट्टीत जाण्याआधी, पोलाद मऊ असतानाच ठसा मारायचा. एकच ठोका. दुसरा पडला की बगळ्याच्या अंगाला सावली येते आणि पातं भंगारात जातं. वर्षाकाठी आक्काची चार-पाच पाती भंगारात जात, आणि ती कोणत्या दिवशी गेली हे तिला पाठ असे.

ती तशीच मागच्या खोलीत काकांकडे गेली. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, ठसे कोरणारे. शहात्तराव्या वर्षीही रविवारी घरी बसवत नाही म्हणून भिंग लावून खिडकीशी बसलेले. तिला पाहताच त्यांनी टेबलावरच्या कशावर तरी फडकं टाकलं.

“काय झाकलंत?”

“ठसा.”

“कसला?”

“लोखंडाचा.”

आक्काने फडकं उचललं. नवा कोरा ठसा होता. त्यावर बगळा नव्हता. एका टोकाशी मिळणाऱ्या दोन वाकड्या रेषा आणि जिथे मिळतात तिथे एक टिंब. झालं.

“बगळा कुठंय?”

“ती म्हणते हाच आहे.”

“आणि तुम्ही कोरून दिलात. मला न सांगता.”

“मागितला, कोरला.” काकांनी भिंग काढून पुसलं. “तीस वर्षांत नवीन काही मागायला कोणी आलंय का माझ्याकडे? तुझं आपलं एकच. जुना झिजला काका, तसाच्या तसा दुसरा द्या. ती पोरगी येते, बसते, विचारते. ही रेषा पोलादात टिकेल का, ती भरून जाईल का.”

काकांच्या शेजारचं स्टूल हे आक्काचं स्टूल होतं. फ्रॉक घालायची तेव्हापासूनचं. आज त्यावर एक निळी उशी होती.

आक्काच्या पोटात दुखलं. तसं ते तिला नवं नव्हतं; भाऊच्या नावाने ते चव्वेचाळीस वर्षं दुखतच होतं. आज पहिल्यांदा ते सुनेच्या नावाने दुखलं, आणि जास्त दुखलं.

“अकरा वाजता सगळे बसायचेत,” काका म्हणाले. “तिथे भांड काय ते. माझ्या खोलीत नको.”

वर घरात वहिनी कपबश्या ट्रेमध्ये मांडत होती आणि बऱ्याच दिवसांनी गुणगुणत होती. भाऊने दाढी करता करता आरशातून तिच्याकडे पाहिलं.

“आज खुशीत?”

“मी? छे. माझं काय त्यात.” तिने एक बशी दोनदा पुसली. “फक्त आक्कांना आज कोणीतरी दुसरं ऐकवणार आहे, तेवढंच.”

अठ्ठावीस वर्षं वहिनीने नणंदेचा शब्द झेलला होता. पॅकिंग वहिनी बघायची. पण खोक्यावर बगळा तिरका छापून आला तर ते आक्काला आधी दिसायचं, आणि आक्का ते चारचौघांत बोलून दाखवायची. म्हणून सुनेने नव्या लोगोचं काढलं, तेव्हा तो न बघताच वहिनीने त्याला पाठिंबा दिला होता.

“पोरीला डोळा आहे,” भाऊ म्हणाला. “आपल्या घरात अशी नजर कोणाकडे नव्हती.”

वहिनीचं गुणगुणणं थांबलं. अठ्ठावीस वर्षांत लाखभर खोकी तिच्या हाताखालून गेली होती. त्या नजरेला कोणी नजर म्हटलं नव्हतं. आणि ही परवा आलेली.

“साखर कमी घालते हं तुम्हाला,” ती म्हणाली, आणि चहात साखर घातलीच नाही.

पॅकिंगच्या लांब टेबलाभोवती अकराला पाचजण बसले. मुलगा माल घेऊन बाहेरगावी गेलेला, त्यामुळे सुनेच्या बाजूने बोलायला सासूखेरीज कोणी नव्हतं, आणि सासूची बाजू सकाळपासून डळमळीत होती. सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती माणसांकडे कमी बघायची आणि कागदांकडे जास्त. हुशार होती, पण हा दोष मोठा होता.

तिने मोबाईल पुढे केला. “आत्या, यात बगळा शोधा.”

आक्काने हात लांब करून पाहिलं. पडद्यावर कात्र्यांची वीसेक चित्रं होती, नखाएवढी.

“हा काय.”

“तो उंदीर आहे. दुसऱ्या कंपनीचा.”

काका हसले. वहिनीनेही तोंडावर पदर घेतला, आणि आक्काने तो घेतलेला पाहिला.

“मागच्या महिन्यात एका मोठ्या दुकानदाराने आपला बगळा बघून विचारलं, हा डाग कसला,” सून म्हणाली. “आता माणसं कात्री हातात घेऊन विकत घेत नाहीत. आधी एवढ्याशा चित्रात ओळखावी लागते. आपल्या बगळ्याला पिसं किती आहेत? एकवीस. पायांची बोटं सात. एका पायाला चार, एकाला तीन.”

“मला सांगतेस?” आक्का म्हणाली. “तीन का आहेत विचार. सांगू?”

“सांगा.”

आक्काने मोबाईल परत सरकवला. खरं तर चौथं बोट काढायला पेन्सिलीचं टोकच उरलं नव्हतं. हे तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

“रेषा बारीक आहे तुझी,” तिने विषय बदलला. “पॉलिशला गेली की पुसली जाईल.”

“काकाआजोबांनी खोल घेतलीय. पाऊण मिलिमीटर. त्यांच्याकडून बारा पाती ठोकून घेतली, पॉलिश करून बघितली मी.”

“बारा पाती बघितली म्हणे. आम्ही बारा लाख बघितली.”

“म्हणून तर तुमच्याकडे यायला धीर होत नव्हता.”

हे सुनेने सरळ मनाने म्हटलं. आक्काला ते टोमण्यासारखं लागलं, कारण तिला तसं लागायला हवं होतं.

भाऊने घसा साफ केला. अशा वेळी काय करायचं ते त्याला चांगलं माहीत होतं. जुनी गोष्ट काढायची. “हे बघा, लोगो म्हणजे शेवटी काय? घराची ओळख. मी सात वर्षांचा होतो. अण्णा पॅकिंगच्या टेबलाशी आले, हेच टेबल, आणि त्यांनी विचारलं—”

“बाबा, तेच विचारायचं होतं.” सुनेने खालून चौकट काढून टेबलावर ठेवली. काच नव्हती; तेलकट कागद मोकळा होता, कडांना पिवळा पडलेला. “तुम्ही हा कोणत्या पुस्तकावरून उतरवलात?”

काकांनी भिंग नाकावर चढवलं.

“उतरवलात म्हणजे?” वहिनी म्हणाली. “त्यांनी काढलाय तो.”

“नाही आई, छापलेल्या चित्रावर ठेवून गिरवलाय. तेलकट कागदातून खालचं दिसतं ना. रेषा बघा, कुठे थांबत नाहीत, कुठे चुकत नाहीत, सात वर्षांचं मूल असं काढत नाही. आणि ही चोच बघा.” तिने पेन्सिलीचं मागचं टोक चोचीवर नेलं. “वरची आणि खालची तंतोतंत एक. एकच चोच दोनदा गिरवलीय. तेलाने कागद सरकला. पुस्तकातल्या बगळ्याची चोच मिटलेली असणार.”

ती आता रंगात आली होती. “आणि हीच तर गंमत आहे. बगळा कोणीही काढतो. कागद सरकला म्हणून चोच उघडली, आणि चोच उघडली म्हणून ती कात्री झाली. सगळा लोगो त्या सरकण्यात आहे. मी काहीच नवीन केलेलं नाही. बाकीचा बगळा काढून टाकला आणि तेवढंच ठेवलं.”

“म्हणजे माझा नवरा चोर,” वहिनी म्हणाली. सकाळची उरलीसुरली बाजू तिने एका दमात बदलली. “चव्वेचाळीस वर्षं सगळं गाव त्यांना वाखाणतं आणि तू चौदा महिन्यांत येऊन सांगतेस की त्यांनी गिरवलं. सासरे आहेत ते तुझे.”

“मी चोर नाही म्हटलं—”

“मग काय म्हटलंस?”

सुनेने पहिल्यांदा माणसांकडे पाहिलं. सासू लाल झालेली, सासरा खाली बघत होता. तिचा चेहरा पडला.

भाऊ खाली बघत होता, कारण त्याला त्या टेबलाखाली चव्वेचाळीस वर्षांपूर्वीची एक रंगपेटी दिसत होती. खांद्यावरून उतरवल्यानंतरच्या रविवारी अण्णांनी ती आणली होती, बारा रंगांची. दर रविवारी समोर बसवायचे. काढ. त्याने घोडा काढला, त्याची शेळी झाली. झाड काढलं, ते अण्णांना आधी केरसुणी वाटलं. अण्णा ओरडले कधीच नाहीत, नुसतं बघायचे. वर्षभराने पेटी कपाटात गेली. भिंतीशी बसलेली आक्का तेव्हा कोळशाने फरशीवर मांजर काढायची आणि ते मांजर अंगावर येईल असं वाटायचं. भाऊने पायाने ते पुसलं होतं. एकदा नाही, अनेकदा.

आणि आक्का टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून काय करत होती? ती हिशेब लावत होती. गप्प राहिलं तर चांगलंच होतं. भाऊचा बगळा खोटा ठरत होता, भाऊ सगळ्यांसमोर खाली मान घालून बसला होता. याच दृश्यासाठी तिने इतकी वर्षं त्याला मनातल्या मनात पाण्यात पाहिलं होतं. पण मजा येईना. सून म्हणाली होती, सगळा लोगो त्या सरकण्यात आहे. म्हणजे पुस्तक कोणाचंही असो, बगळा कोणाचाही असो, ते सरकणं तेवढं कोणाचं तरी स्वतःचं होतं. आणि तेही आता भाऊच्या नावावर जात होतं. बगळा त्याला दिला होता. चूक काही तिला देववेना.

“कागद माझ्या हातून सरकला,” आक्का म्हणाली.

वहिनी तिच्याकडे वळली. “काय?”

“शाळेच्या पुस्तकात पाणपक्ष्यांचा धडा होता. त्यावर ठेवून मी गिरवला. याच टेबलावर. पॅकिंगच्या कागदाला हात लावायचा नाही अशी अण्णांची सक्त ताकीद होती, आणि ते नेमके मागून आले. कागद हातात घेतला आणि विचारलं, हे कोणी केलं?” तिने भाऊकडे पाहिलं. “आता थोबाडीत बसणार. हा शेजारी पेरू खात बसलेला. याला ते मारत नसत. मी याच्याकडे बोट दाखवलं.”

“आणि त्यांनी मला खांद्यावर घेतलं,” भाऊ म्हणाला.

“हो. घेतलं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात आक्का?” वहिनीचा आवाज नरम पडला होता.

“काय बोलू? आधी खोटं बोलले म्हणू, की गिरवला म्हणू? दोन्हीकडून मारच होता. मग दिवस गेले, ठसा झाला, खोकी झाली. मीच दिलेलं मी कोणत्या तोंडाने परत मागणार? पण मला रोज हवं होतं ते. रोज. एकेका पात्यावर ठोका मारताना हा इथे खुर्चीत बसलेला दिसायचा मला.”

भाऊने मान वर केली. “मला वाटायचं तू आज ना उद्या काढून घेशील. मी वाट बघायचो, आक्का. मला घोडाही येत नाही गं. ती बगळ्याची गोष्ट सांगताना मला दर वेळी वाटायचं, आता ही उठेल आणि बोलेल. तू ठसा मारत राहायचीस, एक मारलेला चुकायचा नाही, अण्णा तुझ्यामागे उभे राहून बघत बसायचे. माझ्यामागे कधी राहिले? मला खांद्यावर घेतलं ते एकदा, आणि तेही तुझ्या चित्रासाठी.”

आक्काला हे ठाऊक नव्हतं. अण्णा मागे उभे राहायचे ते चुका शोधायला, असंच ती समजत आली होती.

“म्हणजे मी सरकलेलं कोरलं,” काका मध्येच म्हणाले. “आणि अण्णा मला म्हणत होता, जसंच्या तसं कोर, पोराने मन लावून काढलंय.”

यावर हसायला हरकत नव्हती, पण कोणाला पहिलं हसायचं नव्हतं. वहिनी उठली आणि गार झालेला चहा गोळा करू लागली. तिच्या हाताखाली टेबलावर एक कागद आला. लोगोच्या नोंदणीचा फॉर्म. उद्या पाठवायचा होता. एक रकाना सोडून सगळा भरलेला.

“आणि हे?” तिने विचारलं. “‘चिन्ह कोणी रेखाटले’. इथे कोणाचं नाव जाणार आता?”

तो रकाना सुनेने तीनदा पेन्सिलीने भरला होता आणि तीनदा खोडला होता. कागद तिथे खरबरीत झाला होता. या घरातलं तिचं हे पहिलं काम. गेले चार महिने ती घरची कामं उरकून, बाहेरची कामं सांभाळून, काकांच्या खोलीत बसून दोन रेषा मागे-पुढे करत होती. एकशे साठ वेळा केल्या होत्या. तिला आपलं नाव तिथे हवं होतं, इतकं की रकाना बघितला तरी कानशिलं गरम व्हायची.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सासू, सासरा, काका आणि आत्या. तिने एका सकाळी या घराचं काय करून ठेवलं होतं, ते तिला आता पुरतं कळलं होतं.

“हे आत्यांचंच आहे,” ती घाईने म्हणाली, आणि आक्काकडे बोट दाखवलं. “मी काही केलं नाही. नुसतं साफ केलं.”

शिशाने काळं झालेलं, नख कुरतडलेलं बोट टेबलावरून आक्काच्या दिशेने ताणलेलं होतं. आक्का त्याच्याकडे बघत राहिली. तिला ते नाव हवं होतं. खोटं कशाला, आत्ता याही क्षणी हवं होतं; आणि आज घ्यायला कोणाची ना नव्हती. भाऊने तर पेनही पुढे सरकवलं होतं.

“बोट खाली घे,” ती म्हणाली.

“आत्या, खरंच—”

“खाली घे म्हणते ना. हे असं एकदा दाखवलं की झालं. मग ते आयुष्यभर खाली येत नाही.” तिने हात पुढे करून ते बोट धरलं आणि टेबलावर दाबून ठेवलं. “माझ्याकडून कागद सरकला. चोच उघडली हे मला चव्वेचाळीस वर्षांत दिसलं नाही. मला फक्त भाऊ दिसत होता. तुला चोच दिसली. लिही तुझं नाव.”

सून लिहीना, तेव्हा आक्काने पेन घेऊन स्वतःच लिहिलं. पूर्ण, ठळक अक्षरांत, खोडलेल्या जागेवर जरा जोर देऊन. लिहिताना जीव जळत होता, आणि तो जळतोय हे चेहऱ्यावर दिसत होतं. तिने लपवलं नाही.

मग ती उठून मागच्या खोलीत गेली. बाकीचे तिच्या पाठोपाठ दारापर्यंत आले. तिने एक मऊ पातं ऐरणीवर धरलं, नवा ठसा लावला आणि एकच ठोका मारला. पातं खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिलं, अंगठा फिरवला. दोन रेषा, एक टिंब. कुठेही सावली नव्हती.

“कसं?” काकांनी विचारलं.

“चांगलं आहे,” आक्का म्हणाली. “मला सुचलं नसतं.” एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला.

सून दारातच उभी होती, डोळे पुसत.

“रडतेस काय, इकडे ये. उद्यापासून मारायला शिकायचंय. आणि ही उशी काढ. एवढ्या उंचावर बसलं की हात वर राहतो, ठसा तिरका बसतो.”

सुनेने उशी काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून तशीच छातीशी धरून राहिली. आक्काने ती तिच्या हातातून घेतली, ऑफिसात जाऊन भाऊच्या खुर्चीवर टाकली आणि वर स्वतः बसली. पाठीशी पोपटी चौकोन होता. उठवायला कोणी आलं नाही.